सेनापतीची नजर

खूप जुन्या काळी, डोंगरांनी वेढलेल्या एका राज्यात एक सेनापती होता. पोरवयात तो फौजेतल्या घोड्यांचं दाणापाणी करायचा. पुढे शिपाई झाला, मग तुकडीचा नाईक, आणि केस पिकेपर्यंत साऱ्या फौजेचा सेनापती. त्याची नजर अशी तेज, की लांबवर उडणारी धूळ पाहून तो सांगायचा, घोडदळ येतंय की पायदळ.

पण हळूहळू त्याच्या डोळ्यांपुढे धुकं दाटू लागलं. हे फक्त बायकोला ठाऊक होतं. ती म्हणायची, "अहो, महाराजांना एकदा सांगून टाका ना."

"काय सांगू? दिसत नाही म्हणून? मग मला कोण विचारील?" एवढं बोलून तो उठून जायचा.

अशातच शेजारचा राजा चालून आला. फौजेने खिंडीच्या तोंडावर तोफा मांडल्या. सेनापती नेहमीसारखा एकटाच टेकडीवर चढला. समोर त्याला नुसता तपकिरी डाग हलताना दिसला.

खालून उपसेनापतीने हाक दिली, "काय हुकूम? डागू तोफा?"

शत्रूच असणार, दुसरं कोण येणार या वाटेने? नुसतं 'हो' म्हटलं की झालं. शब्द ओठांवर आलाही. पण आजवर त्याने अंदाजाने कधी हुकूम दिला नव्हता.

"वर ये," तो म्हणाला. "मला दिसत नाही रे. बरेच दिवस झाले. तूच बघ."

उपसेनापती धावत वर आला आणि पाहताच पांढराफटक पडला. "सेनापती, ही तर आपलीच माणसं! सीमेवरची गावं पोरंबाळं, गुरंढोरं घेऊन पळत येताहेत. शत्रू पार मागे आहे."

"त्यांना आधी आत घ्या," सेनापती म्हणाला. "आणि इथून पुढे हुकूम तुझा."

गावकरी खिंडीत शिरले. मगच तोफा गरजल्या, आणि शत्रूला माघारी पळावं लागलं.

दुसऱ्या दिवशी फौज परत निघाली. सेनापती वाटेच्या कडेला मान खाली घालून उभा होता. त्याला दिसत नाही, हे एव्हाना साऱ्या फौजेला कळलं होतं. आता सगळे हसतील, असं त्याला वाटत होतं. इतक्यात पहिला शिपाई त्याच्यासमोर थांबला आणि मोठ्याने म्हणाला, "मुजरा, सेनापती! मी गोंदाजी."

"मी भिवबा," मागचा म्हणाला.

मग एकेक शिपाई आपलं नाव सांगत पुढे गेला. शेवटच्या नावापर्यंत सेनापती मान वर करून उभा राहिला.

तात्पर्य: आपलं उणेपण वेळीच बोलून दाखवायला लढाईइतकंच धैर्य लागतं, आणि त्याने माणसाचा मान कमी होत नाही.