शिरखारच्या बांधावरची निमकी

“पाटील, रागावू नका, पण तुमच्या मंजीला अंगणातच राहू द्या. ओलं लाकूड फुंकून आपलेच डोळे लाल करायचे, दुसरं काय?”

हे पडवीत बोललं गेलं आणि कुडाच्या आड भाकऱ्या थापणाऱ्या नव्या सुनेने ऐकलं. तिने ऐकावं असं ते नव्हतंच. पण कूड कारवीचा, आणि बोलणारा शाळामास्तर. त्याचं कुजबुजणंही पोरांच्या चार ओळींपर्यंत पोचायचं. सासरे, पोशा पाटील, हसले. मास्तरही हसला. तव्यावरची भाकरी तेवढी करपली.

फार वर्षांपूर्वीची ही गोष्ट. खाडी तेव्हाही खारटच होती आणि माणसं आजच्याइतकीच शहाणी होती, एवढं ध्यानात ठेवून ऐकावी. शिरखार गाव खाडीच्या काठाला. गावाची भातशेती भरतीच्या पाण्याहूनही खाली. मध्ये मातीचा लांब बांध उभा, म्हणून गाव दोन वेळा जेवायचं. त्या बांधाची देखरेख पोशा पाटलांकडे. त्यांची ही नवी सून, वेणू. नवरा मचव्यावर खलाशी, महिना महिना बाहेर. म्हणून घरात तिचं बोलणं काय व्हायचं ते धाकट्या नणंदेशी, मंजीशी. मोठ्यांसमोर ती तोंड उघडत नसे. गप्प सून म्हणून गावाने तिचं कौतुक केलं. गप्प माणसाला ऐकू फार येतं, हे मात्र कौतुक करणाऱ्यांच्या लक्षात आलं नाही, असं म्हणतात.

तर त्या गावात बोर्डाची शाळा होती. शाळेला एक सारवलेला ओटा, त्यावर कौलं. आणि पुढे अंगण, त्यावर आभाळ. पहिल्या वर्षीच मास्तर एकेका पोराला उभं करायचा आणि त्याच्यापुढे मूठभर शिंपले फेकायचा. “किती?” शिंपले लोळायचे थांबायच्या आत ज्याने बरोबर सांगितलं, तो ओट्यावर. जो बोटं मोजत बसला, तो अंगणात. ओट्यावर पाढे, निम्म्याचा पाढा म्हणजे निमकी, त्रैराशिक. अंगणात उजळणी, पाण्याचा माठ आणि केरसुणी. एकदा अंगणात बसलेलं पोर ओट्यावर चढलं, असं त्या गावात कधी झालं नाही. कोणी चढवूनही पाहिलं नाही म्हणा.

मास्तर वाईट नव्हता. वाईट असता तर गोष्ट सोपी झाली असती. एकटा माणूस, पोरं गावभरची, आणि वर्षातून एकदा येणारा तपासनीस साहेब ओट्यावरच्यांनाच प्रश्न विचारून जाणारा. दोन चालींचे बैल एका जुवाला जुंपले की नांगराचं तास वाकडं जातं, असं तो म्हणे, आणि ते अगदीच खोटं नव्हतं. फक्त त्याने एका बैलाला नांगराला लावलं होतं आणि दुसऱ्याला गोठा झाडायला.

मंजीपुढे शिंपले पडले तेव्हा तिने आधी त्यांतले फुटके कोणते ते पाहिलं. फुटका मोजायचा का, असं तिला विचारायचं होतं. तेवढ्यात तिला अंगण दाखवलं गेलं.

भाकरी करपली त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, मास्तरचा विनू मंजीशी खेळायला परसात आला. विनू ओट्यावरचा, त्यातही पहिला. वेणू कांडायला बसली होती. तिने सहज विचारलं, साडेतीन भाकऱ्या दोघांत वाटल्या तर एकेकाला किती.

“पावणेदोन,” विनू म्हणाला. शिंपला लोळायच्या आत.

“कसं रे?” मंजीने विचारलं.

“कसं काय? निमकीत आहे. साडेतीन निम्मे पावणेदोन.”

“ते झालं. पण कसं?”

विनूने पुन्हा निमकी म्हटली, जरा मोठ्याने. वेणूने सकाळच्या साडेतीन भाकऱ्या आणून पोरांपुढे ठेवल्या आणि पुन्हा मुसळ उचललं. मंजीने एक विनूला दिली, एक स्वतःला. उरलेली आख्खी मोडून अर्धी अर्धी केली. उरलेल्या अर्धीचे दोन चतकोर केले. मग एक, त्यावर अर्धी, त्यावर चतकोर अशी दोघांपुढे चळत लावली, आणि बराच वेळ बघत बसली. तिच्याहून जास्त वेळ विनू बघत बसला. सबंध निमकी त्याला उलटी-सुलटी पाठ होती, पण पावणेदोन त्याने आयुष्यात पहिल्यांदा पाहिले, असं म्हणतात.

तिथून ते सुरू झालं. दुपारी गाव आडवं झालं की पाटलाच्या परसात पोरं जमू लागली, ओट्यावरची आणि अंगणातली. वेणू त्यांना शिकवत नसे. तिचं स्वतःचं शिकणं हिशोबापुरतंच. ती एवढंच करी, की एका वरच्याशेजारी एक खालचा बसवी आणि उत्तर सांगणाऱ्याला म्हणे, ह्याला कळेपर्यंत सांग. वरच्यांना हे फार जड जाई. उत्तर सोपं असतं, सांगणं अवघड. पण सांगता सांगता त्यांनाच नव्याने उमगे, आणि खालचे, ज्यांना कधी कोणी काही सांगितलंच नव्हतं, ते हळूहळू विचारायला लागले. काही पोरं मात्र लवकर कंटाळली आणि चिंचा पाडायला गेली. तीही दोन्हीकडची होती.

मग मास्तरीणबाई पाटलांच्या मागल्या दारी आल्या. वाटीभर विरजण मागायला आल्या, असं त्या म्हणाल्या.

“आमचा विनू हल्ली घरी विचारत बसतो गो, असं का न् तसं का. पूर्वी पटकन सांगायचा. खालच्या पोरांत बसून मंद व्हायला लागलाय. तू काही मुद्दाम करतेस असं नाही म्हणत मी. पण तुझं अजून पदरी पोर नाही, तुला नाही कळायचं.”

वेणूने विरजण दिलं. विनूचं येणं बंद झालं. पाठोपाठ ओट्यावरची सगळीच पोरं बंद झाली. पडवीत सासरे सासूला म्हणाले की सुनेला सांगा, परसात शाळा नको. शाळा गावात एक आहे तेवढी पुरे.

आता बांधाचं ऐका. दर वर्षी पावसाच्या तोंडाला बांधावर माती चढवायची, आणि ती किती चढली ते मोजायला गावची एक काठी होती. काठी धरायचा मान ओट्यावर शिकलेल्यांना. म्हणून गावाजवळचा बांध काठीने मोजून भरला जाई. लांबचा, खाडीच्या वळणावरचा बांध अंगणात शिकलेल्यांच्या वाट्याला. तिथे काठी जात नसे. त्यांना मोजमाप कळत नाही, मग काठी देऊन वेळ कशाला दवडा. त्यांना सांगितलं जाई, नजरेने भरा. ते बिचारे नजरेने भरत. बाप नजरेने भरी, मग मुलगा नजरेने भरी.

परसातली शाळा मोडायच्या आधी मंजी आणि विनू एकदा बांधावर गेले होते. भरतीचं पाणी बांधाला टेकलं होतं. मंजीने पाण्यापासून माथ्यापर्यंत बांबू धरला, विनूने वाचला. गावाजवळ दोन हात मोकळे, वळणावर एक हातसुद्धा नाही. दोघांनी पुन्हा मोजलं, बांबू बदलून मोजलं. तेवढंच आलं.

मंजीने घरी येऊन बापाला सांगितलं. पाटलांनी मास्तरला विचारलं, मास्तरने विनूला. विनूने आईकडे पाहिलं आणि तो म्हणाला की बांबू मंजीने धरला होता. मग झालंच. मास्तर पाटलांना म्हणाला, एकट्या विनूने मोजलं असतं तर मी स्वतः वळणावर आलो असतो. पण अंगणातल्या हातचा बांबू, तो कुठे टेकला कोणास ठाऊक. पाटलांना ते पटलं. वळणावर जाऊन एकदा काठी धरावी, हे दोघांपैकी कोणालाच सुचलं नाही. मंजी रात्री जेवली नाही. वेणूने तिला हाक मारली तर म्हणाली, “वहिनी, मला खरंच येत नाही का गो?”



पिठोरीच्या अवसेला भर दुपारी उधाण आलं. वारा समुद्राचा, वरून पाऊस. सगळं गाव गावाजवळच्या बांधावर नारळ घेऊन उभं होतं आणि बांध कसा भक्कम आहे ते बघत होतं. पाणी मात्र वळणावर गेलं. पाण्याला ओटा-अंगण कळत नाही. जिथे कमी तिथून ते आत येतं. वळणाचा बांध फुटला, आणि खारं पाणी ज्या शेतांत शिरलं ती काही एकट्या अंगणवाल्यांची नव्हती.

तिथे पहिली पोचली वेणू. डोक्यावरचा पदर पडलेला, मागे मंजी, मागे परसातली पोरं. विनूसुद्धा आईचा हात सोडून धावला. वेणूने पोरांची ओळ लावली, एक वरचा, एक खालचा, एक वरचा, एक खालचा, आणि स्वतः खांड पडली होती तिथे पाण्यात छातीपर्यंत उतरली. मातीच्या पाट्या हातोहात येऊ लागल्या. ताल हवा म्हणून विनूने निमकी धरली आणि मंजीने काठावर उभं राहून पाणी मोजायला बांबू रोवला. असं म्हणतात, की पोरांनी पहिली ओळ म्हटली तसं पाणी निम्मं झालं. दुसरी म्हटली, तसं त्या निम्म्याचं निम्मं. शेवटची ओळ म्हटली तेव्हा ते वेणूच्या ओंजळीत मावेल एवढं उरलं, आणि ते तिने खाडीत परत टाकलं. भरती ओसरायची वेळच झाली होती, असंही म्हणणारे आहेत. ते बहुतेक ओट्यावरचे.

वेणूवहिनीची आठवण शिरखार अजून राखतं. पिठोरीच्या अवसेला शाळेतली सगळी पोरं वळणावर जातात, लहान-मोठी एकात एक मिसळून ओळ करतात, पाटीभर माती हातोहात नेऊन माथ्यावर टाकतात आणि निमकी म्हणतात. मग गूळ-खोबरं मिळतं. एरवी त्या वळणाला कोणी पाय लावत नाही. दुसऱ्या दिवशी शाळा भरते तेव्हा पोरं परत दोन वर्गांत बसतात. आता ओटा-अंगण म्हणत नाहीत. एका वर्गाचं नाव मोगरा आहे, दुसऱ्याचं झेंडू. दोन्ही फुलंच, असं गुरुजी समजावतात. मोगरा कोण ते बालवाडीतलं पोरही सांगतं, न चुकता.

शाळेत ही गोष्ट सांगतात ती पाणी ओंजळीत मावलं इथवर. पुढचं बायका सांगतात, भात लावताना, वाकल्या वाकल्या.

उधाणानंतर तिसऱ्या दिवशी शाळेपुढे गाव जमलं. मास्तरने ओट्यावरच्या पोरांना ओट्यावर उभं केलं आणि गावाला म्हणाला, बघा, गणिताने गाव वाचवलं. विनूच्या कपाळी गुलाल लागला. अंगणातली पोरं अंगणात होती. मंजी माठाशी उभी होती, कारण जमलेल्यांना पाणी लागत होतं. मग पाटलांनी सुनेला वर बोलावलं आणि खण-नारळ पुढे केला. म्हणाले, आमच्या घरची गप्प लक्ष्मी. लोकांनी माना डोलावल्या.

वेणूने हात पुढे केला नाही. ती ओट्यावर चढलीही नाही. पायरीशी उभी राहून, लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा, चारचौघांत बोलली.

“तो खण राहू द्या, मामंजी. मास्तर, ह्या पोरांना येतं का, एवढंच तुम्ही विचारलंत. शिकवलंत कधी, ते सांगा.”