चिंचवेशीचा पहिला घोट

फार वर्षांपूर्वी, चिंचवेशीत नुकते नळ आले होते, तेव्हा गावाच्या नगराध्यक्षा होत्या अनसूयाक्का मुरकुटे. त्या हसल्या की नगरपालिकेच्या छपरावरची कबुतरं उडून जात, असं म्हणतात. मी काही तिथे नव्हते. सासूबाईंनी सांगितलं तेच सांगते.

एका उन्हाळ्यात टाकीचं पाणी बाधलं आणि गावातली काही लहान मुलं दगावली. मग टाकी धुतली, औषध टाकलं, पण एकाही आईचा नळावर विश्वास बसेना. पोरं तहानेने रडत आणि बायका घागरी पालथ्या घालून बसलेल्या. तेव्हा अक्का टाकीच्या पायरीवर बसल्या आणि सगळ्यांदेखत तांब्याभर पाणी प्यायल्या.

"उद्या मी धडधाकट दिसले तर भरा गं," म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी अक्का ठणठणीत होत्या. तेव्हापासून रोज सकाळी पहिला घोट अक्कांचा, मग गावाचा. त्यांचे ओठ लागले की गढूळ पाणीही निवळायचं, असं म्हणतात.

एवढं नाव झाल्यावर अक्का आमदार झाल्या आणि मुंबईला गेल्या. त्यांच्या खुर्चीवर गुलाबराव धुमाळ बसले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "माझं पोट नाजूक आहे."

मग नदीला पूर आला. नळातून चहासारखं पाणी येऊ लागलं आणि मुलं पुन्हा तहानेने व्याकूळ झाली. अक्कांना निरोप गेला. नेमका त्याच दिवशी त्यांचा मंत्री म्हणून शपथविधी होता. अक्का तडक गावाकडे निघाल्या. पूल पाण्याखाली होता, पण त्यांना पाहून नदी घोट्यापर्यंत उतरली, असं म्हणतात.

लोकांनी तांब्या पुढे केला. अक्कांनी तो गुलाबरावांच्या हातात दिला.

"अहो अक्का, गुण तुमच्या ओठांत आहे!" गुलाबराव म्हणाले.

"कसला गुण? आपल्यालाच प्यायचंय म्हणून मी रोज आधी टाकीत उतरून बघायचे. आता खुर्ची तुमची, घोट तुमचा."

गुलाबरावांनी तांब्याकडे पाहिलं, मग टाकीकडे. आणि धोतर खोचून स्वतःच टाकीत उतरले. गाळ उपसला, भिंती घासल्या, नवं पाणी गाळून घेतलं. मग डोळे घट्ट मिटून प्यायले. त्यांना काही झालं नाही, आणि सगळी पोरं घटाघटा प्यायली.

मंत्रिपद मात्र दुसऱ्यालाच मिळालं. कुणी हळहळलं तर अक्का म्हणत, "मुंबईचं पाणी मला नाहीतरी आवडत नव्हतं."

आजही चिंचवेशीचा नवा नगराध्यक्ष हार घालून घेण्याआधी टाकीवर जातो आणि अक्कांचं नाव घेऊन पहिला घोट पितो. आम्ही आया कडेवर पोर घेऊन त्याच्या चेहऱ्याकडे टक लावून बघत राहतो. दुसऱ्या दिवशी तो आपल्या घराच्या ओट्यावर येऊन खळखळून चूळ भरतो. तो आवाज आला की आळीतल्या कड्या निघतात, आणि आम्ही पोरांच्या शाळेच्या बाटल्या भरायला घेतो.