तूप कोणत्या दारानं न्यावं?

ही गोष्ट अक्षरन् अक्षर खरी आहे, गळ्याची शपथ. मी स्वतः तिथं हजर होतो. आता, तेव्हा माझे पणजोबासुद्धा जन्मले नव्हते, हे मान्य. पण हजर होतो म्हणजे होतो. मध्ये बोलू नका.

तर एका राज्यात, जिथं पक्षी माणसांशी बोलत आणि माणसं एकमेकांचं ऐकत नसत, दृढसेन नावाचा राजा होता. त्याला गोष्टी जागच्या जागी लागत. त्यानं नगराच्या कोटाला तीन दारं ठेवली. पूर्वेचं घनदार, दक्षिणेचं द्रवदार, पश्चिमेचं वायुदार. जे आपला आकार सोडत नाही ते घन, त्यानं पूर्वेनं यावं. जे भांड्याचा आकार घेतं पण तेवढंच राहतं ते द्रव, त्यानं दक्षिणेनं. जे ना आकार राखतं ना माप, मिळेल तेवढ्या जागेत पसरतं, ते वायू, त्यानं पश्चिमेनं.

इथवर ठीक होतं. पण दाराच्या वहीत फक्त प्रकार लिहीत. "घन, चार पोती. द्रव, दोन घागरी." नावाला रकानाच नव्हता. त्यामुळे कोठारात कुणाला काही सापडत नसे. मुदपाकखान्यातून 'द्रव' मागवला की कधी दूध येई, कधी एरंडेल. राजानं एकदा एरंडेलाची खीर खाल्ली आणि नियम आहे म्हणून संपवलीही.

तिन्ही दारांवर मुख्य नाकेदार होता उदाजी. माणूस प्रामाणिक, आणि म्हणूनच त्रासदायक.

एके दिवशी पहाटे डोंगरापलीकडची धुरपदा डोक्यावर मडकं घेऊन द्रवदाराशी आली.

"काय आहे?" उदाजीनं विचारलं.

"तूप आहे."

उदाजीनं बोट लावलं. तूप थिजलेलं. "हे घन आहे, बाई. पूर्वेला जा."

कोटाला वळसा तीन कोसांचा. धुरपदा पूर्वेला पोचली तोवर ऊन चढलं. तिथं उदाजी घोड्यावरून आधीच येऊन बसलेला.

"हे तर वाहतंय. द्रव आहे. दक्षिणेला जा."

"अरे, तूप आहे ते."

"ते मी विचारलं नाही."

ती दक्षिणेला गेली तोवर आभाळ आलं, गार वारा सुटला, तूप थिजलं. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी धुरपदानं मडकं खाली ठेवलं, पदरानं घाम पुसला आणि शांतपणे म्हणाली, "बरं." ती चेटकीण होती, हे सांगायचं राहिलंच.

राजकन्या कनकलेखा तेवढ्यात नदीवरून परत येत होती. धुरपदानं तिच्याकडे बोट केलं. "आता हिला घे आत, कोणत्या दारानं घेतोस ते बघू. सकाळी गारेसारखी घट्ट, दुपारी पाणी, दिवेलागणीला वाफ. येत्या पौर्णिमेपर्यंत कोटाच्या आत आली नाही, तर झालेली वाफ पुन्हा जमायची नाही."

तसंच झालं. सकाळी राजकन्येला घनदाराशी न्यावं, तर मोजमाप आणि तीन शिक्के होईतो दुपार होई आणि ती घंगाळात वाहू लागे. घंगाळ द्रवदाराशी न्यावं, तर शिक्क्यांत संध्याकाळ होई आणि ती वाफ होऊन ओल्या चादरीखाली फिरत राही. वायुदाराचे शिक्के होईतो पुन्हा सकाळ. थोडी वाफ रोज वाऱ्यावर जाई. दर सकाळी ती जवभर बुटकी झालेली असे.

उदाजी राजासमोर गेला. "महाराज, एकदा दार तसंच उघडावं."

"माझ्याच मुलीसाठी नियम वाकवला, तर लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील, सुटलो."

राजानं ऐकलं नाही. दाराबाहेरच्या घंगाळातून कनकलेखा खळखळत म्हणाली, "उदाजीकाका, बाबांशी बोलण्यात दिवस घालवू नका. तिच्याकडे जा. आणि कुणीतरी माझ्यातून ही माशी काढा."

उदाजी निघाला. द्रवदाराच्या कमानीवर राहणारा कोतवाल पक्षी, काळाकुळकुळीत, दुभंगल्या शेपटीचा, त्याच्यासोबत उडाला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं.

धुरपदा अंगणात गाईला चारा घालत होती. "तीन वस्तू आण," ती म्हणाली. "पहिली, ओतता येते पण द्रव नाही. दुसरी, घट्ट आहे, वितळत नाही, तरी उरत नाही. तिसरी, एकाच भांड्यात तिन्ही प्रकार, पण वस्तू एक. मग उपाय सांगेन."

पहिलीसाठी उदाजी वाळूच्या नदीवर गेला. तिथं सात तोंडांची सुसर होती. सातही तोंडं आपसात भांडत होती, म्हणून त्यानं निवांत घागर भरली. मग तो अडला.

"पण ही घागरीचा आकार घेते. द्रवच झाली."

"एक कण उचल," कोतवाल म्हणाला. "तो घागरीच्या आकाराचा झाला?"

"नाही."

"घागर पालथी कर. पाण्याचा कधी असा ढीग झालेला पाहिलास?"

"नाही."

"मग कशाला डोकं खातोस?"

दुसरीसाठी त्यानं निद्रिस्त नागाच्या वनातल्या पोकळ झाडातून कापूर काढला, उपरण्याच्या टोकाला बांधला आणि उन्हातून मजल दरमजल करत निघाला. धुरपदापाशी गाठ सोडली, तर आत नुसता वास.

"चोरी झाली," उदाजी म्हणाला.

"कुणी चोरला नाही," कोतवाल म्हणाला. "पाणी न होताच वाफ होऊन गेला. तो तसाच आहे. आता परत चल, आणि या खेपेला झाकणाची डबी घे. मला पंख आहेत म्हणून काय मी दमत नाही?"

दुसऱ्या खेपेला नाग जागा होता. तो म्हणाला, "पुन्हा तूच?" आणि कंटाळून कूस बदलली. डबीतला कापूर मात्र पुरता पोचला. उदाजीनं झाकण चारचारदा उघडून पाहिलं, तेव्हा कोतवालानं त्याच्या बोटाला चोच मारली.

तिसरी वस्तू मेघासुराच्या पेटाऱ्यात होती. मेघासुर गारा साठवत असे आणि मोजताना नेहमी चुकत असे. उदाजीनं तांब्याचा कळसा भरून गारा मागितल्या, घट्ट झाकण लावलं आणि धावत सुटला. पौर्णिमेच्या दुपारी तो अंगणात पोचला. झाकण काढलं, तर निम्म्या गारा वितळलेल्या, उरलेल्या पाण्यावर तरंगत होत्या.

"तिसरा प्रकार कुठाय?" धुरपदानं विचारलं.

उदाजीचा चेहरा पडला. मग त्याला झाकणाच्या आतून लोंबणारे बारीक थेंब दिसले. "ही वाफ वर गेली होती, बाई. झाकणाला लागून थोडी जमली, बाकीची आतच होती, दिसत नव्हती एवढंच. कुठं जायला जागाच नव्हती तिला."

"शाब्बास. आता सांग, या कळशात काय आहे?"

"घन..." उदाजी म्हणाला. "द्रव..." मग थांबला. पुन्हा आत डोकावला. "पाणी आहे."

"तीन दिवस मी तुला काय सांगत होते?"

उदाजी खाली बघून म्हणाला, "तूप आहे."

"एकदा तरी लिहिलंस?"

"रकानाच नव्हता."

"जा. राजकन्येवरही असंच झाकण लाव, नाव लिही, आत ने. आणि तिच्या बापानं चूक कबूल केली पाहिजे."

उदाजी पोचला तेव्हा दिवे लागायला आले होते. घंगाळातलं पाणी विरू लागलं होतं. त्यानं कळसा रिकामा केला, कनकलेखेला त्यात ओतलं आणि झाकण गच्च दाबलं. आत ती वाफ झाली. एक कणही बाहेर गेला नाही. कळसा कडेवर घेऊन तो जवळच्या दाराशी गेला. ते घनदार होतं. राजा स्वतः उभा होता.

"प्रकार?"

उदाजीनं वही ओढली, समासात नवा रकाना आखला आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचलं, "राजकन्या कनकलेखा. सध्या वाफ."

"चुकीचं दार आहे."

"महाराज, प्रकार तिचा नाही, तिच्या या घटकेचा आहे. ऊन वाढलं की बदलतो, उतरलं की बदलतो. ती बदलत नाही. किती दारं फिरवू?"

कळशातून फुसफुसत आवाज आला. "बाबा, मला घरी यायचंय."

राजा वहीतल्या त्या ओळीकडे पाहत राहिला. मग म्हणाला, "माझं चुकलं."

झाकण उडालं. कनकलेखा उंबऱ्याच्या आत उभी होती, ओली, आणि पूर्वीपेक्षा वीतभर बुटकी. ती वीत पुढं कधी भरून आली नाही. ती पहिलं वाक्य बोलली, "मला पाणी द्या. द्रव नको."

त्या दिवसापासून त्या राज्याच्या वहीत आधी नाव लिहितात, मग 'सध्या', आणि त्यापुढं प्रकार. धुरपदाचं तूप मिळेल त्या दारानं येतं. कोतवाल अजून कमानीवर बसतो आणि सगळ्यांवर वैतागतो.

आता कबुली देतो. सुसर होती, नाग होता, वाफ झालेली राजकन्या होती, शपथेवर सांगतो. फक्त राजा 'माझं चुकलं' म्हणाला, तेवढं मी पदरचं घातलं. तो म्हणाला होता, "बरं, बरं, या आत." धुरपदानं तेवढ्यावरच भागवून घेतलं. राजांकडून याहून जास्त निघत नाही, हे तिला ठाऊक होतं.