माळेतून सुटलेली गाडगी

फार मागची गोष्ट. एका विहिरीवर बैलाने फिरणारा रहाट होता आणि त्याच्या माळेला बावीस गाडगी बांधलेली होती. भरून वर जायचं आणि रिकामं होऊन खाली यायचं, एवढंच त्यांना ठाऊक होतं. पाटापलीकडचा मिरचीचा मळा एकानेही पाहिला नव्हता.

एकदा बैल थांबला तेव्हा तडा गेलेलं काळं गाडगं म्हणालं, "आपलं पाणी जातं कुठं? कोणीतरी पितंय."

"तुझं तर निम्मं वाटेतच गळतं," शेजारचं म्हणालं. "तुझी तूट आम्ही भरून काढायची का?"

"म्हणूनच माळ सोडू. ज्याचं पाणी त्याच्यापाशी राहील."

थोरल्या गाडग्याने विचारलं, "सुटल्यावर वर कोण नेणार?"

"हे विचारायला तुला कोणी पाठवलं?"

मग मत घेतलं. सुटायचं असेल त्याने शेजाऱ्यावर आपटून आवाज करायचा. बारा गाडगी वाजली, दहा गप्प राहिली. पण माळ एकच होती. बारा जणांच्या हिसक्यांनी ती तुटली आणि बावीसही तळाशी गेली.

वर मिरची वाळली. खाली सगळी गाडगी काठोकाठ भरलेली आहेत. काळं गाडगं अजून शेजारच्याला विचारतं, "माझ्यातलं थोडं तू घेतलंस ना?"