बिननंबरी परवाना

“संगणक विकले, परवाने विकले नाहीत! बावीसच्या बावीस परवाने माझ्या टेबलावर ठेव, मग तुझी खोकी घेऊन जा!”

देवळखेडच्या शिक्षण संस्थेचे अध्यक्ष नानासाहेब दुधभाते एवढं बोलून खुर्चीत मागे रेलले. समोर द्वारका तांबट उभी होती. जुने संगणक घ्यायचे, दुरुस्त करायचे आणि विकायचे, हे तिचं बाजारातलं दुकान. हातातल्या पाटल्या मोडून तिनं संस्थेचे बावीस जुने संगणक लिलावात घेतले होते. पावती कमरेला होती. सोमवारी ते कुंभारवाडीच्या शाळेत चालू करून द्यायचा शब्द दिला होता. टेम्पो फाटकात उभा, आणि आता हे नवीनच खूळ!

“नानासाहेब, आतली प्रणाली, जिच्यावर यंत्र चालतं ती, कंपनीनंच भरून दिलेली असती. तिचा परवाना त्या एका यंत्रापुरताच. ही बघा, पाठीवर चिठ्ठी चिकटवलीय. यंत्र जाईल तिथं परवाना जातो. नवरीला कुणी म्हणतं का, गोंदण माहेरी काढून ठेव आन् मग सासरी जा?”

“मला शिकवू नकोस! आणि चिठ्ठी खरवडून आणलेली चालायची नाही. परवाना अख्खा पाहिजे! चार वाजेपर्यंत आणला नाहीस, तर व्यवहार रद्द आणि पैसे जप्त!”

परवाना कशाशी खातात हे नानासाहेबांना ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता. संगणकाचा उपयोग त्यांनी आयुष्यात एकदाच केला होता, सत्काराचा हार वर ठेवायला. पण त्यांच्या पुतण्यानं नुकतंच संगणकाचं दुकान थाटलं होतं आणि त्याला हीच खोकी फुकटात हवी होती. अक्कल पुतण्याची, आवाज काकांचा. आणि असल्या उसन्या अकलेपुढे अख्खी संस्था माना डोलवायची!

द्वारकेच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाटल्या गेल्या, आता शब्दही जाणार? ती व्हरांड्यात येऊन बसली. समोर पाण्याचा माठ होता, त्यावर लाल तैलरंगात नंबर. घंटेवर नंबर. तुळशीच्या कुंडीवर नंबर. कचऱ्याच्या डब्यावर एक नंबर आणि त्याच्या झाकणावर वेगळा!

हा नानासाहेबांचा गाजलेला नियम. ‘नंबर आहे ते संस्थेचं, नंबर नाही ते संस्थेचं नाही!’ महादू शिपाई रोज प्रार्थनेनंतर हे खणखणीत आवाजात म्हणायचा आणि पोरं त्याच्यामागून म्हणायची. गणिताचे उपासनी सर एकदा कचेरीत छत्री विसरले. दुसऱ्या दिवशी आणायला गेले, तोवर महादूनं दांड्यावर नंबर टाकला होता. “नंबर कुणाचा?” नानासाहेबांनी विचारलं, आणि छत्री संस्थेची झाली. ती आता नानासाहेबांच्याच डोक्यावर असायची. सर बिचारे डोक्यावर रुमाल टाकून हिंडत.

झाकणाकडे बघता बघता द्वारका गालातल्या गालात हसली.

चारच्या ठोक्याला ती आत शिरली. विश्वस्त मंडळ चहा-चिवड्यासाठी, म्हणजे सभेसाठी, जमलेलं होतं.

“आणलेस परवाने?” नानासाहेब गरजले.

“आणते की! पण संस्थेचे परवाने कुठले, त्ये वळखू कसे? उगा दुसऱ्याचं उचलून आणलं तर चोरी व्हायची. नंबर सांगा, लगेच हजर करते.”

“एवढंच ना? महादू, नोंदवही आण!”

नोंदवही आली. पानं उलटली गेली. संगणक सापडले, बावीस. ‘विकले’ असा शेरा मारून, खोक्यांवरच्या नंबरांवर महादूनं काट मारल्याचीही नोंद सापडली. माऊस सापडले. माऊसखालच्या चटया सापडल्या, त्यांनाही नंबर! परवाना मात्र एकही सापडेना.

“डब्याच्या झाकणाला येगळा नंबर देणारी ही संस्था,” द्वारका म्हणाली. “परवाना येगळी वस्तू असता, तर तुम्ही सोडला असता व्हय?”

एक विश्वस्त खुदकन हसले आणि लगेच चिवड्यात तोंड खुपसून बसले.

“राहिला असेल टाकायचा!” नानासाहेबांचा चेहरा माठावरच्या नंबरासारखा लाल झाला. “महादू, रंग आण! आत्ताच्या आत्ता परवान्यांवर नंबर टाक!”

महादू डबा आणि कुंचला घेऊन आला.

“वा, नानासाहेब!” द्वारकेनं कमरेची पावती काढून टेबलावर आपटली. “म्हैस विकून, पैसे मोजून घेऊन, आता तिला डाग द्यायला सळई तापवताय? सगळ्या गावाला कळू द्या मग, की संस्था विकलेल्या मालावर मागनं नंबर टाकती. उद्या लिलावाला कुत्रं तरी फिरकंल का?”

विश्वस्तांचा चिवडा हातातच राहिला. पुढच्याच महिन्यात जुन्या बाकांचा लिलाव होता.

“तुमचाच नियम आहे, मी कशाला बोलू? महादूमामा, तुम्हीच सांगा. नंबर नाही ते?”

महादूला डावपेच कळत नव्हते. पंधरा वर्षांची सवय. तो ताठ उभा राहिला आणि प्रार्थनेनंतरच्याच आवाजात ओरडला, “संस्थेचं नाही!”

आणि बाहेरच्या पटांगणातून पोरांचा सूर आला, “संस्थेचं नाही!”

सभा खो-खो हसत सुटली. नानासाहेबांनी महादूकडे डोळे वटारले, नोंदवहीकडे वटारले, वटारायला दुसरं काही उरलं नाही तेव्हा तेही हसायला लागले. पोट धरून हसले.

“ने बाई, ने! परवान्यासकट ने! आणि ते कोपऱ्यातले पाच प्रिंटरही ने, माझ्याकडून बक्षीस!”

द्वारका जागची हलली नाही.

“आता काय?”

“आधी नंबर खोडा, नानासाहेब! न्हाईतर फाटकापर्यंत जाईस्तोवर परत संस्थेचे व्हायचे!”

नानासाहेबांना पुन्हा हसू फुटलं. डोळे पुसत त्यांनी स्वतः कुंचला उचलला आणि पाचही नंबरांवर काट मारली.

“झालं समाधान?”

“झालं. फक्त रंग वाळायच्या आत,” द्वारकेनं खुर्चीला टांगलेली छत्री काढून त्यांच्यापुढे धरली, “हिच्यावरही एक मारा. उपासनी सर बाहेर उन्हात उभे आहेत!”