काडीवर काडी

फार पूर्वी नदीकाठच्या रानात एका सुगरणीनं एका होल्याला आपलं विणकाम शिकवलं. तिच्या नावानं तो इतर पाखरांना घरटी विणून देऊ लागला. अट एवढीच, की या रानात दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेचं घरटं बांधायचं नाही, काम सोडल्यावरही नाही.

होल्याचा चांगला जम बसला. पण आईचं विरळ घरटं त्याच्या मनातून जाईना. त्याच्या फटींतून खाली नदी चमकायची. शेवटी काम सोडून तो बाभळीवर काड्या रचू लागला.

सुगरण आली. "आपलं ठरलं होतं ना?"

"ताई, हे घरटं कुठंय? यातून तर नदी दिसते."

"काडीवर काडी ठेवली, की ते घरटंच."

होल्यानं वरची काडी उचलली. अजूनही तो बाभळीवर एकच काडी ठेवतो आणि दुसरी चोचीत धरून नदीकडे बघत बसतो.