साठाव्या पाटीची शिक्षा

मजूर आळशी झालेत म्हणून ओरडणाऱ्यांनो, हा आळस त्यांना तुम्हीच शिकवलात!

खाडीकाठच्या एका गावात एक मजूरबाई राहायची. तिची झोपडी बांधाला अगदी लागून होती. त्या वर्षी बांधाला भगदाड पडलं. अमावास्येच्या उधाणाआधी ते बुजवायला खोताने सारं गाव कामाला लावलं. त्याचा नियम एकच होता : काल कुणी एकाने जास्तीत जास्त जेवढ्या पाट्या टाकल्या, तेवढ्या आज प्रत्येकाने टाकायच्या. कमी पडल्या, तर मजुरी नाही.

घराच्या काळजीने बाईने पहिल्याच दिवशी साठ पाट्या चिखल वाहिला. दुसऱ्या दिवशी सगळ्यांना साठ! पन्नासाव्या पाटीला एक म्हातारी कोसळली आणि रिकाम्या हाताने घरी गेली.

"काय गं, घर काय तुला एकटीलाच आहे?" बायका म्हणाल्या. "धाव अजून!"

बाई शरमली. मग सगळ्यांनी मिळून एका दिवसाची मजुरी बुडवली, पण तिसाच्या वर कुणी गेलं नाही. तेव्हापासून आकडा तीसच राहिला. खोताने मुकादम नेमला, मग त्याच्यावर दुसरा नेमला. दोघेही नुसतं ओरडत राहिले. भगदाड काही भरेना.

चार दिवस उरले, तशी बाई खोताकडे गेली.

"मालक, आकडा एकदाच ठरवा. जास्त करील त्याच्यावर ओझं वाढवू नका. सत्तर टाकू, बांध उभा करू."

"सत्तर जमतात? म्हणजे इतके दिवस कामचोरी करत होतात!" खोत गरजला. "उद्यापासून सगळ्यांना सत्तर."

दुसऱ्या दिवशी बाईशी कुणी बोललं नाही. प्रत्येकाने वीसच पाट्या टाकल्या. बाईला भगदाड दिसत होतं, पलीकडचं पाणीही दिसत होतं. तरी तीही पाय ओढतच चालली.

अमावास्येला भर दुपारी उधाण आलं. झोपडी गेली. ती म्हातारी सापडलीच नाही. खोताची भातशेती खाऱ्या पाण्याखाली गेली, ती कायमची. तो छपरावर बसून "आळशी लेकाचे!" म्हणत होता, तेवढ्यात होडीवाला आला.

तात्पर्य काय ते त्यानेच सांगितलं :

"मालक, जास्त राबणाऱ्यालाच शिक्षा केलीत, मग राबेल कोण? या, बसा, हे वल्हं धरा. आणि लावा जोर बिनघोर. आज जोर लावलात म्हणून उद्या दुप्पट मागणार नाही मी."